मंदाताईंच्या फोटोवरची तीट

साताऱ्याकडच्या गावातून लग्न होऊन मंदाताई ग्वाल्हेरात आल्या, त्याला चव्वेचाळीस वर्षं झाली. बिर्लानगरात हिंदी ऐकून ऐकून भल्याभल्यांच्या जिभा वळल्या, पण मंदाताईंचं 'न्हाई' काही 'नाही' झालं नाही. उलट दारावरचा भाजीवालाच 'लई महाग हाय' म्हणायला शिकला.

साठी उलटल्यावर बाईला फोटोचं याड लागलं. पिंपावर बसलेला कावळा, वाळत घातलेल्या सांडग्यांवर पडलेली गजांची सावली, असलं काहीबाही. घरच्या ग्रुपवर टाकलं की अंगठे यायचे, 'वा मावशी' यायचं, जोडलेले हात यायचे. मंदाताई वैतागल्या.

"सासूनं नावं ठेवली म्हणून माझी भाकरी सुधारली. ह्या फोटोंना नावं कोण ठेवणार?"

मग सूनबाई सोनिकानं त्यांना शहरातल्या फोटो काढणाऱ्यांच्या ग्रुपात घातलं. तिथं समरजीत नावाचा एक तिखट गडी होता. दर रविवारी एक फोटो निवडायचा आणि त्याची चिरफाड करायचा. लोक त्याला टरकून असत. मंदाताईंनी ठरवलं, आपली चिरफाड ह्याच्याच हातनं झाली पाहिजे.

पहिला फोटो टाकला तो नवऱ्याचा. रघुनाथराव उकिडवे बसून मिशी कातरतायत असा. दोनशे जणांनी वाहवा केली आणि दुसऱ्या दिवशी रघुनाथरावांची कंबर धरली. आदल्या संध्याकाळी त्यांनी भरलेला सिलिंडर एकट्यानं उचलला होता, पण ते कोण ध्यानात घेतो? दृष्टच ती! तेव्हापासून मंदाताई प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात फोनातल्या काळ्या पेन्सिलीनं ठसठशीत तीट लावू लागल्या. माणसाला लावली, म्हशीला लावली, एकदा तर किल्ल्यालाही लावली.

झालं. फोटोबद्दल कुणी बोलेचना. 'आंटीजी, लेन्स पोंछिए.' 'कैमरे में धूल गई है.' एकानं तर दुरुस्तीच्या दुकानाचा पत्ता पाठवला. समरजीतनं लिहिलं, 'पहले ये धब्बा हटाइए, फिर बात करेंगे.'

"आई, हटवून द्या ना ते," सोनिका म्हणाली. "एक डॉट के चक्कर में तुमचा संडे जातोय."

"आणि तुझ्या सासऱ्याची कंबर परत धरली, तर शेकायला तू येणार का?"

दोन दिवस मंदाताईंनी विचार केला. तिसऱ्या दिवशी रघुनाथराव तूरडाळ आणायला निघाले, तशा त्या काजळाची डबी घेऊन आडव्या आल्या. "आवो, मान वळवा. मी पण येते फोटोला."

"मंदा, मी काय पागल आहे का? दाल बाजारात मला सगळे जानतात!"

"कानामागं लावते. कुणाला दिसतंय?"

दिसलं. उकाड्यानं रघुनाथराव घामाघूम झाले. रुमालानं कानामागं पुसलं आणि तोच रुमाल तोंडभर फिरवला. तसलं काळंकुट्ट तोंड घेऊन ते डाळीच्या भावावरून हुज्जत घालू लागले, तेव्हा दुकानदार हातातलं माप तसंच धरून पोट दाबत हसत सुटला. मंदाताईंनी तेवढ्यात फोटो मारला. कोपऱ्यात पेन्सिल लावली नाही. तीट अंगावरच होती, लागते त्याच्या दसपट.

रविवारी समरजीतनं तोच निवडला. सहा चुका काढल्या. वरचा बल्ब डोळ्यांत खुपतो, तराजू अर्धा कापलाय, मागचा सायकलवाला रघुनाथरावांच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो, आणि असंच पुढं. शेवटी लिहिलं, 'फिर भी, हँसी पकड़ी है आपने.'

"सहा!" मंदाताई घरभर सांगत सुटल्या. "पोरानं नीट बघितलाय फोटो!"

"माझ्या तोंडाबद्दल काय बोलला?" रघुनाथरावांनी विचारलं.

"त्यात चूक न्हाई म्हणतो. तराजू कापला, ती माझी चूक." त्यांनी पिशवी नवऱ्याच्या हातात कोंबली. "चला. ह्या खेपेला मी चार पावलं मागं हुबी ऱ्हाते."

"अगं, घरात पाच किलो तूर पडलीय!"

"मग हरभऱ्याची घ्या. आणि भाव करताना जरा जोरात भांडा, त्याशिवाय तो दुकानदार हसत न्हाई."