वेणीमाधवरावांचं पोहणं

वेणीमाधवरावांना पोहता येत नाही. जन्म पंचवटीतला, वाडवडिलांनी यात्रेकरूंना गोदेत बुड्या मारायला लावून पोट भरलं, आणि यांचं मात्र पाणी गुडघ्याच्या वर आलं की तोंड पांढरंफटक! लग्नानंतर गोदावरीबाईंनी हे पाहिलं, हसू दाबलं आणि जन्मात कुठे बोलल्या नाहीत. नवऱ्याची झाकली मूठ बायकोनेच सांभाळायची, असल्या शिकवणीत वाढलेली बाई ती.

कॉलेजात मराठी शिकवून उरलेल्या वेळात वेणीमाधवराव कादंबरी लिहीत. एका कुटुंबाची आणि सरत्या काळाची कादंबरी. कित्येक वर्षं ती चाललेली, आणि तोवर घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही. लेकीने, आभाने, पाढे म्हटले की आतून "अगं, जरा हळू!" एवढंच यायचं. पोर तापाने फणफणली, वर्गात पहिली आली, तरी खोलीचं दार बंद ते बंदच. घ्या! कुटुंबावर लिहायचं म्हणून कुटुंब दाराबाहेर.

मे महिन्यात मात्र गोदावरीबाई लेकीला घेऊन सायखेड्याला माहेरी जायच्या. वेणीमाधवराव नाशकातच राहायचे, लिहायला शांतता म्हणून. सायखेड्याला नदी घरामागेच. पोरीच्या पाठीला वाळका भोपळा बांधून, स्वतः साडीचा काचा मारून त्या पाण्यात उतरायच्या आणि तिच्या पोटाखाली हात धरून तिला शिकवायच्या. एका सकाळी त्यांनी भोपळा सोडला, हातही काढला, आणि पोर निघाली की सपासप! "आई, बघ, मी एकटी!" म्हणून ओरडली. गोदावरीबाईंच्या आयुष्यात स्वतःचं म्हणावं असं एवढंच होतं. बाकीचं सगळं सासरचं, नवऱ्याचं, नाहीतर देवाचं.

कादंबरी यंदा छापून आली. तिच्यात एक दुपार शंभर पानं चालते आणि मधली दहा वर्षं दोन ओळींत निघून जातात. त्या दोन ओळींतली दहा वर्षं गोदावरीबाईंनी स्वयंपाकघरात काढली होती, पण ते असो. कादंबरी गाजली, पुरस्कार मिळाला. जो तो एकाच प्रकरणाबद्दल बोलायचा. बाप लेकीला नदीत पोहायला शिकवतो, ते प्रकरण. भोपळा बाप बांधतो, पोटाखालचा हात बापाचा. आणि आई? ती काठावर कपडे सांभाळत बसलेली, येताजाता नवऱ्याची चेष्टा करणारी गमतीदार बाई.

गोदावरीबाईंनी ते वाचून चष्मा काढून ठेवला. आयत्या बिळावर नागोबा! तशाच उठून त्या लिहिण्याच्या खोलीत गेल्या.

"अहो, तुम्ही सायखेड्याला होतात तरी का तेव्हा?"

"अगं, कादंबरी आहे ती," वेणीमाधवराव म्हणाले. "अनुभवावर कुणा एकाची मालकी नसते."

मग वर नाव कुणाचं छापलंय, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण आभा पुण्याहून यायची होती. तिला तरी आठवत असेलच की!

आभा आली ती डोळे सुजवूनच. पुस्तक दोनदा वाचून झालं होतं.

"आई, मला जन्मभर वाटायचं, बाबांना मी नकोच होते. हे वाचलं आणि सगळं आठवलं गं. त्यांचा हातसुद्धा आठवला."

"आभा, तो हात माझा होता."

आभाचा आवाज चिरकला. "या वयात बाबांचा हेवा करतेस? तुझं तर सगळंच आहे माझ्याजवळ. बाबांचं एवढं एकच मिळालंय. ते तरी राहू दे ना!"

गोदावरीबाईंना लेकीची कीव आली आणि तिच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राकडून तेजस्विनी नावाची मुलगी मुलाखत घ्यायला आली. फोनचा कॅमेरा तिपाईवर लावून तिने तिघांना सोफ्यावर बसवलं. वेणीमाधवरावांचं बोलून झाल्यावर ती गोदावरीबाईंकडे वळली. "काकू, कादंबरीतली ती नदी आठवते का तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? यांना पोहता येत नाही. पोरीला मी शिकवलं."

वेणीमाधवरावांचं तोंड पडलं. मग आभाच मोठ्याने हसली. हसताना तिने आईकडे पाहिलं नाही.

"बघा!" ती तेजस्विनीला म्हणाली. "अगदी पुस्तकातली आई!"

"अय्या, खरंच की! अगदी तशीच चेष्टा!" तेजस्विनीही खुदकन हसली. आता वेणीमाधवरावांनाही हसायला जमलं.

"काकू, हेच वाक्य पुन्हा एकदा इकडे बघून म्हणाल? जरा हसत."

गोदावरीबाईंनी लेकीकडे पाहिलं. ती अजून दुसरीकडेच बघत होती, आणि मांडीवरच्या पुस्तकावर तिने दोन्ही हात घट्ट धरले होते.

गोदावरीबाईंनी ते वाक्य पुन्हा म्हटलं, हसत.