भरिताच्या जाळातली गोगलगाय

आमच्याकडे थंडी पडली की शेतात भरीत होतंच. त्या वर्षी ते काकांच्या शेतात होतं, चोपड्याच्या वर, सातपुड्यातल्या एका नाल्याकाठी. मी मात्र भरीत खायला कमी आणि भांडायला जास्त गेले होते. बी.एस्सी. संपत आली होती आणि मला भूशास्त्र शिकायला पुण्याला जायचं होतं. नाना, म्हणजे माझे वडील, बी.एड.वर अडून बसले होते. त्यांचं आपलं एकच पालुपद: "दगडं फोडाले कालेज कसाले लागस?"

कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा जाळ वाऱ्यानं विस्कटत होता. जाळाला आडोसा हवा म्हणून काका मला म्हणाले, "जाय वं, नालामाईन चपटा दगड लई ये."

नाल्यात उतरले आणि हरखलेच. वर काळा खडक, खाली काळा खडक, आणि मध्ये हातभर जाडीचा, राखाडी, पापुद्र्यापापुद्र्यांचा थर! आजवर पुस्तकात पाहिलेला, तो काकांच्या कपाशीखाली निघाला. सुटून पाण्यात पडलेल्या लाद्या उचलल्या, जाळाभोवती लावल्या, वांगी टाकली.

लाद्या ओल्या होत्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. थोड्या वेळानं आतल्या पाण्याची वाफ होऊन असा धडाका झाला की वांगी राखेसकट काकूच्या पदरापर्यंत उडाली. नानांचं डोकं राखेनं पांढरं. फटाका कुणी टाकला म्हणून सगळे ओरडत होते, आणि मी जाळाकडे धावले, कारण फुटलेल्या लादीत काहीतरी दिसलं होतं. गोगलगाय! दगडाची, नखाएवढी, वेटोळ्यांसकट. हात पोळला तरी मी "नाना, नाना!" करत नाचायला लागले.

खान्देशी माणसाच्या भरिताची माती झाल्यावर त्याच्यासमोर नाचू नये. नाना लालबुंद झाले होते. तरी त्यांनी दगड हातात घेतला, बाहीला पुसला. "हाई तं आपला पाटमा ऱ्हास तशी शे."

पाटाच्या पाण्यातल्या गोगलगाईसारखीच होती खरी. मग मी सुटलेच. काळा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. दोन लाव्ह्यांच्या मध्ये खूप काळ निवांत गेला, इथे तळं साचलं, गाळावर गाळ बसला, त्यात ही जगली. मग पुन्हा लाव्हा आला.

नानांनी डोंगराकडे पाहिलं. "म्हंजे मना भाऊना वावरखाले तयाव व्हता?"

"होतं, नाना, काकांच्या शेताखाली तळं होतं!"

राख झटकून आम्ही भरीत खाल्लंच, दाताखाली कचकच लागत होतं. परतताना चोपड्यात चहाला थांबलो. नानांच्या ओळखीच्या एकानं विचारलं, "नाना, पोर आते काय करी?" नानांनी खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून तो दगड.

"हाई देख. हाई शिकाले ती पुन्याले जाई राह्यनी."

मी टपरीवर सगळ्यांसमोर रडले. पुण्याला निघताना तो दगड मागितला, तर नानांनी साफ नाही म्हटलं, तो परत आपल्या खिशात ठेवला. "तुले तठे बठ्ठा दगडच भेटतीन. हाऊ मनाजोडे ऱ्हाऊ दे."