झाडाची साय

कलम बांधताना गंगारामभाऊ मडावी तोंडातून शब्द काढत नसत. कोणी हाक मारली तरी मान वर होत नसे. एकदा मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "बोलन्यात येळ जाते गुरुजी, अन् कापलेलं वाळून जाते."

अल्लीपूरकडच्या संत्र्याच्या बागांत खुंटांवर कलमाचे डोळे बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता. अक्षरओळख नव्हती. सन पन्नास-बावन्नच्या सुमारास मी तिथे शाळेत विज्ञान शिकवत होतो. खोल्या अपुऱ्या, म्हणून दोन वर्ग आंब्याखाली भरत. एका श्रावणात साळिंदराने त्या आंब्याची साल बुडाशी सगळीकडून कुरतडून टाकली. वीतभर रुंदीचं पांढरं लाकूड उघडं पडलं. मी पुस्तकातलं सांगून मोकळा झालो: सालीचं कडं तुटलं, आता पानांतलं अन्न मुळांना पोचायचं नाही, मुळं उपाशी मरतील, मग झाड. हेडमास्तर झाड तोडायचं बोलू लागले. तरी मी गंगारामभाऊंना बोलावून आणलं.

त्यांनी जखमेच्या वरच्या कडेची साल सुरीने किंचित उचलली आणि माझं बोट धरून आत टेकवलं. ओलं, गुळगुळीत काहीतरी लागलं.

"एवढंच जित्तं हाये," ते म्हणाले. "दुधावर साय असते तशी. थे आतून लाकूड घालते, बाहेरून साल घालते. आतलं लाकूड मंग निसतं उभं राह्यते."

ही साय मी फळ्यावर रंगीत खडूने कितीदा काढली होती. बोट मात्र त्या दिवशी पहिल्यांदा लागलं.

त्याच आंब्याच्या पेन्सिलीएवढ्या नऊ काड्या त्यांनी तोडल्या. दोन्ही टोकं तासली. खालचं टोक जखमेखालच्या सालीत, वरचं वरच्या सालीत सरकवून जखमेवर काड्यांचे पूल बांधले, बारीक खिळे ठोकले आणि वर शेणमाती लिंपली. सकाळपासून दुपारपर्यंत अवाक्षर नाही. उठताना एवढंच म्हणाले, "बूड खाली, शेंडा वर. उलटी लावली तं काडी धरत नाई."

दोन काड्या वाळल्या. सात धरल्या. पुढच्या उन्हाळ्यात आंबा मोहरला नाही, पण पानही गळलं नाही. वर्ग तिथेच भरत राहिले.

चार पावसाळ्यांनंतर गंगारामभाऊ शाळेत आले ते लेकीचा हात धरून. दोन्ही डोळे मोतीबिंदूने गेले होते. ते त्यांचं शेवटचं येणं. त्याच हिवाळ्यात ते वारले. त्या दिवशी आल्या आल्या, झाडाजवळ न्या म्हणाले. मी नेलं. बुडाशी बसून त्यांनी एकेक काडी चाचपली. त्या आता मनगटाएवढ्या जाड झाल्या होत्या. एका जागी त्यांचा हात थांबला. शेजारच्या दोन काड्या वाढता वाढता एकमेकींना भिडल्या होत्या आणि त्यांची एकच साल झाली होती. मधे नखही शिरत नव्हतं.

त्या जोडावरून त्यांनी पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग हळूच म्हणाले, "गुरुजी, हे म्या नाई बांधलं. हे त्याचं त्यानंच केलं."