अक्काची माणसं

ऑक्टोपसच्या लॅबमध्ये पेपर कमी आणि किस्से जास्त जमतात. चेन्नईत मला सहा वर्षं झाली. पेपर दोन, किस्से विचारूच नका! आमच्या टाकीतल्या ऑक्टोपसबाईंचं नाव अक्का.

*

रेवती आमची पीएचडीची विद्यार्थिनी, तंजावरकडच्या मराठी घरातली. घर शुद्ध शाकाहारी, आणि अक्काला रोज लागते कोळंबी! पहिल्या दिवशी रेवती नाकाला ओढणी लावून बाजारात गेली. महिन्याभरात ती मासळीवालीशी तमिळमध्ये अशी घासाघीस करायला लागली, की मी तोंडात बोटं घातली. तिच्या आईला मात्र वाटतं, पोरगी दिवसभर कॉम्प्युटरवर असते.

*

एकदा शाळेची मुलं आली. आमचे लॅबप्रमुख सर रंगात येऊन सांगत होते, ऑक्टोपसच्या बहुतेक चेतापेशी हातांतच असतात, बारीकसारीक निर्णय हात परस्पर घेतात. तेवढ्यात अक्काचा एक हात खेकड्याकडे गेला, दुसरा सरांच्या चष्म्याकडे.

खेकडा वाचला.

*

माझी आई पुण्याहून आली होती. तिला सांगितलं, आपला आणि हिचा सामाईक पूर्वज म्हणजे एक साधासा किडा, पुढे दोघांनी आपापला मेंदू वेगळा वाढवला. आईनं टाकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हिनं जास्त लक्ष दिलेलं दिसतंय," म्हणाली.

*

रेवतीची पीएचडी एकाच प्रयोगावर अडकली होती: अक्का माणसं ओळखते का? दोघींनी सारखेच निळे एप्रन घालायचे. मी कोळंबी द्यायची, रेवतीनं खरखरीत ब्रशनं टोचायचं. अक्का माझ्याकडे आली आणि रेवतीपासून पळाली, की जिंकलो. बिचारी रेवती! अक्कावर सगळ्यात जास्त जीव तिचाच.

शेवटच्या चाचणीला सर स्वतः आले. कॅमेरा सुरू केला. मी गेले, अक्का आली, कोळंबी घेतली. मग रेवती ब्रश घेऊन पुढे झाली. अक्का पळाली नाही. दुप्पट वेगानं आली आणि तिच्या मनगटाला बिलगली.

सरांनी शांतपणे विचारलं, रविवारी लॅब कोण उघडतं?

रेवती रडायलाच लागली. "सर, सहा दिवस मी तिला त्रास देते. रविवारी कोळंबी घेऊन माफी मागायला येते."

अक्कानं एका हातानं तिचा ब्रश काढून घेतला आणि टाकीबाहेर टाकला. मनगट सोडलं नाही.

"सर, माझी पीएचडी..."

सरांनी खुर्ची टाकीजवळ ओढली.

"हात हलवू नकोस," म्हणाले. "कॅमेरा चालू आहे."