संकेतस्थळावरचे माझे खुलासे

चहा येतोच आहे, तोवर माझी फजिती मीच सांगून टाकतो. दुसऱ्या कुणाकडून ऐकलीत तर तो तिखटमीठ लावील, आणि मग मला त्याचाही खुलासा करावा लागेल. खुलासा या गोष्टीची मी किती धास्ती घेतली आहे, ते पुढे कळेलच.

तुम्ही मला ओळखता. पुण्याच्या एका दैनिकाचा जुन्नरचा वार्ताहर म्हणून माझे केस पिकले. तहसीलदार झाले, सभापती झाले, एसटीचे आगारप्रमुख झाले, भांडायचं कुणाशी राहिलेलं नाही. माझ्या बातमीने भल्याभल्यांची झोप उडते, असं मी छाती काढून सांगत असे. पण एका भल्या माणसाची झोप मी साऱ्या जगाला दाखवली, त्याची ही गोष्ट.

लोडशेडिंगचे दिवस होते. माझी मावसबहीण सुलभा, म्हणजे आमची घोडेगावची सुलू, तेव्हा जुन्नरजवळच्या एका कॉलेजची प्राचार्य झाली होती. कॉलेजात आर्ट्स होतं, कॉमर्स होतं, पण सायन्स बारावीपर्यंतच. बारावी झालेल्या मुलीने पुढे सायन्स शिकायचं तर पुणं गाठायचं. आणि पुण्याचं नाव काढलं की घरचे तिच्यासाठी स्थळं बघायला लागायचे. सुलूने बी.एस्सी.चे वर्ग आणायचेच असं मनावर घेतलं होतं. त्यासाठी विद्यापीठाची समिती पाहणीला येणार होती. समिती ‘हो’ म्हणाली तर जूनमध्ये वर्ग सुरू. ‘नाही’ म्हणाली तर आणखी एका बॅचच्या मुलींची पुस्तकं माळ्यावर. समितीच्या अटींत इमारत, ग्रंथालय, प्रयोगशाळा होतीच, शिवाय एक नवीन अट होती. संस्थेचं अद्ययावत संकेतस्थळ हवं.

संकेतस्थळाचं काम कॉम्प्युटर शिकवणाऱ्या कुटे सरांनी अंगावर घेतलं. त्यांनी इंटरनेटवरून एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं. एकदा बसवलं की पुढे कुणीही खुर्चीत बसावं, मजकूर टाईप करावा, बटण दाबावं आणि पान तयार. आणि हे सगळं फुकट.

फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले. या जगात फुकट काय मिळतं हो? मी कुटे सरांना कोपऱ्यात घेऊन यामागे कोण आहे ते विचारलं. सर आपटाळ्याच्या वरच्या अंगाचे, भाताच्या मुलखातले. ते म्हणाले, "आमच्याकडं लावणीला सावड असते ना, तसं आहे हे. आज सगळे माझ्या खाचरात, उद्या तुमच्या. जगभरातले लोक मिळून हे बनवतात. कुणीही घ्यावं, वापरावं, उघडून आतलं बघावं, सुधारावं."

"आणि यात मुकादम कोण?"

"मुकादम नाही."

मुकादम नाही म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं, असं धरून मी रीतसर चौकशी केली. तिच्यात काहीच निघालं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग सुलू म्हणाली, "दादा, तू लिहिणारा माणूस. कॉलेजच्या बातम्या तूच टाक ना त्यावर." मी लगेच तयार झालो. कुटे सरांनी मला एक नाव आणि पासवर्ड दिला आणि समजावलं, की तुम्ही लिहायचं, ते मी किंवा मॅडम तपासणार, आणि मग ते प्रसिद्ध होणार.

तपासणार? माझं डोकंच फिरलं. तुम्हाला आमच्या धंद्यातलं डेस्क माहीत नसेल. तालुक्याच्या वार्ताहराने उन्हातान्हात हिंडून बातमी आणायची, पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरच्या हवाली करायची, आणि पुण्यात पंख्याखाली बसलेल्या उपसंपादकाने तिची पार हजामत करायची. पुढे फॅक्स आला, ईमेल आला, पण वस्तरा तोच. बिबट्यावरचा माझा एक दणदणीत लेख छापून आला तेव्हा त्यात बिबट्याच नव्हता. आयुष्यभर हे सोसलेल्या माणसाला आता एका वेबसाइटवर तपासणार?

मी कुटे सरांना ठणकावलं, की या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात वरचा अधिकार कोणता असेल तो मला द्या आणि माझ्या मजकुराला कुणी हात लावायचा नाही, नाहीतर राम राम. सरांनी सुलूकडे पाहिलं. सुलूने मान डोलावली. मला लहानपणापासून ओळखते, वाद कुठे घालू नये ते तिला कळतं. मी ॲडमिनिस्ट्रेटर झालो. डेस्क संपलं. त्या दिवशी मी घरी पेढे नेले.

पुढच्याच आठवड्यात नव्या प्रयोगशाळेचं उद्घाटन झालं. उद्घाटक संस्थेचे अध्यक्ष आबा. आबा म्हणजे मोठे द्राक्षबागायतदार, मनाने राजा माणूस, पण माईक हातात आला की सोडत नाहीत. त्यांनी पाऊण तास भाषण केलं, आणि सुलू बोलायला उभी राहिली तशी खुर्चीत मागे टेकून गाढ झोपले. आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांना म्हणे आकाशाच्या पार टोकाचा आवाज ऐकू येतो. आबांना शेजारच्या माईकचा येत नव्हता.

दुपारी वीज आली तसा मी कॉलेजात बसून बातमी लिहिली, फोटो जोडले आणि ‘पब्लिश’ दाबलं. एक अक्षरही कापलं जाणार नाही या आनंदात घरी गेलो.

आणि खरोखरच एक अक्षरही कापलं गेलं नाही.

सकाळी सुलूचा फोन. आवाज अगदी शांत. म्हणाली, "दादा, तुझ्या बातमीच्या वरती काय लिहिलंयस?"

वरती? वरती काय असणार? आणि मग आठवलं. माझ्या प्रत्येक बातमीच्या डोक्यावर काय असतं? डेस्कसाठी सूचना! इतक्या वर्षांची सवय, बोटांना डोकं कुठे असतं? ज्या डेस्कला मी भांडून हाकललं होतं, त्याच डेस्कला मी सूचना लिहून बसलो होतो, आणि ती कॉलेजच्या पहिल्या पानावर झळकत होती:

‘डेस्कसाठी: अध्यक्षांचे भाषण पाऊण तास चालले, त्यातील सव्वा ओळ घ्यावी. दुसरा फोटो वापरू नये, अध्यक्ष झोपलेले आहेत. पत्रकात प्रयोगशाळा सुसज्ज म्हटली आहे. प्रत्यक्षात नळ आहेत, पाणी नाही. ठेवायचे की कापायचे ते पाहा.’

खाली दुसरा फोटो. अध्यक्ष झोपलेले.

सुलू म्हणाली, "पुढच्या आठवड्यात समिती येतेय. काहीतरी कर."

मी म्हटलं, काळजी करू नकोस. चूक झाली की काय करायचं हे पत्रकाराला शिकवावं लागत नाही. आपली चूक आपण लपवत नसतो. दुसऱ्या दिवशी ठळक चौकटीत खुलासा द्यायचा, वाचक मोठ्या मनाने माफ करतो. मी तडक कॉलेजात गेलो आणि पहिल्या पानावर, सगळ्यात वर, जाड अक्षरांत लिहिलं: ‘खुलासा. अध्यक्ष झोपलेले आहेत, असा उल्लेख येथे अनवधानाने प्रसिद्ध झाला. प्रत्यक्षात अध्यक्ष डोळे मिटून भाषण ऐकत होते.’

तोवर ती बातमी फार तर दहा-पाच जणांनी वाचली असेल. खुलासा सगळ्यांनी वाचला. खुलासा वाचला की माणूस मूळ बातमी शोधतोच, हा नियम मी स्वतः नव्या वार्ताहरांना शिकवलेला आहे.

आबांचे जावई हिंजवडीत, कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यांनी सासऱ्यांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. मग आबांचा मला फोन आला.

"पत्रकार, मी झोपलो व्हतो का न्हाई?"

मी चाचरत म्हटलं, आबा, झोपला होता.

"मग डोळं मिटून ऐकत व्हतो, आसं कशापायी लिवलं? सकाळपासनं लोक इचारत्यात, आबा, डोळ्याला काय झालं? आवो, झोप काय, राजालाबी लागती. त्याचं मला काय न्हाई. पर राव, माझ्या भाषणाची सव्वा ओळ?"

बघा, दुःख कुठे होतं! भाषण कापलं गेल्याचं दुःख माझ्याइतकं कुणाला कळणार? मी शब्द दिला, आबा, तुमचं संपूर्ण भाषण टाकतो. टेप होती. ऐकून ऐकून सगळं उतरवलं आणि दुसऱ्या खुलाशासह पहिल्या पानावर टाकलं. एक शब्द कापला नाही. त्यामुळे आबांचं हेही वाक्य त्यात आलं: ‘आता तुमी म्हनाल नळाला पानी न्हाई. न्हाईच हाय. पर पाइपलाइनचं आमी लवकरच बगतो.’

म्हणजे माझ्या सूचनेतली जी एक ओळ अजून कुणी मनावर घेतली नव्हती, तिला आता खुद्द अध्यक्षांचा दुजोरा मिळाला.

शिक्षकांच्या खोलीत कुजबूज सुरू झाली. माझ्या लेखी आता प्रश्न तत्त्वाचा होता. मी तिसरा खुलासा टाकला: ‘प्रयोगशाळेत पाणी नसल्याचे वृत्त चुकीचे नाही, मात्र ते प्रसिद्ध करण्याचा आमचा हेतू नव्हता.’

हसू नका. तेव्हा मला ते वाक्य फार समतोल वाटलं होतं.

मग सुलूने मला केबिनमध्ये बोलावलं. कुटे सर कॉम्प्युटरसमोर बसलेले. पहिल्या पानावर कॉलेजचं नाव शोधायला खाली खाली जावं लागत होतं, वर नुसते माझे खुलासे. मी चौथ्याचा मसुदा खिशात घेऊनच गेलो होतो. सुलू म्हणाली, "दादा, खाली बस. हे पुसता येतं."

"काय पुसता येतं?"

"सगळं. बातमी, फोटो, खुलासे. पहिल्याच दिवशी एक बटण दाबून पुसता आलं असतं. मला वाटलं, तू तेच करायला आलायस."

मी म्हटलं, एकदा छापलेलं परत कसं घेता येईल? अंक घरोघर गेलेला असतो. कुटे सर नम्रपणे म्हणाले, की इथे अंक कुठेच जात नाही, लोक इथे येतात. आणि त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर बटण दाबलं. पहिला खुलासा गेला. दुसरा गेला. तिसरा गेला. आबा त्यांच्या झोपेसकट गेले. मला तर आयुष्यभराची रद्दी कुणीतरी एका फुंकरीत उडवल्यासारखं वाटलं.

"मग आधी का नाही सांगितलंत?" मी कुटे सरांवर ओरडलो.

"तुमच्या मजकुराला हात लावायचा नाही, असं तुम्हीच बजावलं होतं ना सर."

ठरल्या दिवशी समिती आली. तिघे जण, आणि त्यांचे प्रमुख चष्म्यावरून बघणारे. ग्रंथालय पाहिलं, इमारत पाहिली, सगळे प्रयोगशाळेत आले. सुलू, आबा, कुटे सर आणि पत्रकार या नात्याने मी. प्रमुखांनी बॅगेतून कागद काढले. त्यांच्या ऑफिसने तयारी म्हणून आमचं संकेतस्थळ आधीच छापून घेतलं होतं. नेमकं कधी? माझा तिसरा खुलासा वर होता तेव्हा. त्यांनी तो सावकाश, मोठ्याने वाचला. समितीतल्या बाईंनी पदराआड तोंड लपवलं. सुलूचा चेहरा पांढरा पडला. मी छताकडे बघत राहिलो. प्रमुखांनी कागद टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "मॅडम, बाकी सगळं नंतर. नळ सोडा."

आबा पुढे झाले. "आवो, सोडा की तुमीच," असं म्हणून प्रमुखांना त्यांनी नळाजवळ नेलं.

प्रमुखांनी नळ सोडला. आधी नुसती हवा फुसफुसली. मग तांबडं पाणी थुंकल्यासारखं आलं. आणि मग जो फवारा सुटला म्हणता! माझे खुलासे वाचून आबांना असा काही राग आला होता, की त्यांनी आपल्या द्राक्षबागेच्या विहिरीवरून परस्पर पाइप ओढून प्रयोगशाळेला जोडला होता, शेतीच्या मोटारीच्या जोरासकट. सुलूलासुद्धा सांगितलं नव्हतं. प्रमुखांचा चष्मा, शर्ट आणि टेबलावरचे माझे खुलासे, सगळं चिंब झालं.

प्रमुखांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत घातला आणि समितीच्या बाईंना म्हणाले, "लिहा, पाणी आहे."

जूनमध्ये वर्ग सुरू झाले. समितीचा अहवाल आला त्या दिवशी सुलूने मला मुद्दाम चहाला बोलावून तो वाचून दाखवला. प्रयोगशाळा उत्तम, ग्रंथालय समाधानकारक, आणि शेवटी एकच सूचना: ‘संकेतस्थळावर मजकूर टाकण्याचे काम एखाद्या जबाबदार व्यक्तीकडे सोपवावे.’

जबाबदार व्यक्तीकडे? म्हणजे मी कोण? अहो, त्या नळाला पाणी कुणामुळे आलं? अन्याय सहन करणं माझ्या रक्तात नाही. मी चहा तसाच टाकला, कुटे सरांच्या कॉम्प्युटरवर जाऊन बसलो, आणि चौथा खुलासा लिहायला म्हणून माझं नाव टाईप केलं, पासवर्ड टाकला.

चालला नाही. परत टाकला. पुन्हा नाही.

बदलला होता.