खारा हात

माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता, हे आधीच सांगते. आमच्या बीडकडे वडाखाली हे दिसलं, विहिरीत ते आहे, असं ऐकतच मोठी झाले. पण आईबापांबरोबर ऊसतोडीला फिरताना उघड्यावर झोपले, फडात झोपले, कधी काही दिसलं नाही. दिवसभर मोळ्या वाहिलेलं माणूस पडल्या पडल्या झोपतं, त्याला कुठून काय दिसणार... शाळा सातवीत सुटली, तेव्हा लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. वाचकांच्या अनुभवांचं हे सदर मी फोनवर वाचते. खरं सांगायचं तर ही गोष्ट मनात धरून धरून थकले, म्हणून लिहिते.

मी साताऱ्यात राहते. एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आबांचं पत्र्याचं शेड आहे, शेडमागे एक खोली आहे, ती आमची. आबा फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. रिटायर झाल्यावर जुन्या जीपा, ट्रॅक्टरचे पार्ट, जुनी हत्यारं असलं गंजलेलं सामान साफ करून द्यायचा धंदा त्यांनी चालू केला. एका हंगामात आमची टोळी इथंच जवळ उतरली होती. मला तापानं धरलं, पोरगी, साक्षी, अंगावर पीत होती, आणि टोळी तर पुढे निघाली. तेव्हा आबांच्या बायकोनं, काकींनी, आम्हाला ठेवून घेतलं ते आजपर्यंत. नवरा शिरवळला एका कंपनीत वॉचमन आहे, सुट्टीला येतो. मी गंज काढते म्हणून खोली आहे, आणि खोली आहे म्हणून साक्षी इथल्या शाळेत आहे. काम गेलं तर पुन्हा कोयता. हे माझ्या डोक्यातून एक दिवसही जात नाही.

आबा ॲसिड वापरत नाहीत. गुऱ्हाळावरची मळी आणायची, पिंपात पाणी घालून पातळ करायची आणि पार्ट तारेनं आत सोडायचे. दोन-तीन आठवडे बघायचं नाही. मळी हळूहळू गंज खाते, लोखंडाला काही करत नाही. वास मात्र असा की साक्षीच्या वर्गातल्या पोरी तिला ‘काकवी’ म्हणतात. पार्ट बाहेर काढला की धुवायचा, तारेच्या ब्रशनं घासायचा, उन्हात वाळवायचा आणि लगेच तेलाचं बोट फिरवायचं. ते झालं की मांडणीवर ठेवायचा.

कामावर ठेवायच्या आधी आबा प्रत्येकाचा हात बघतात. रेषा नाही... साफ केलेली कोरडी लोखंडी पट्टी मुठीत धरायला देतात आणि सकाळी तिच्यावर गंज आलाय का बघतात. काहींच्या घामानंच लोखंड गंजतं. त्याला इथं खारा हात म्हणतात. माझी पट्टी तशीच चकचकीत राहिली होती.

“ग्वाड हात हाय पोरीचा,” आबा म्हणाले होते.

“जीभ तेवढी बीडची हाय,” काकी म्हणाल्या होत्या.

गेल्या थंडीत सांगलीहून एका हळदीच्या व्यापाऱ्याची जीप आली, पार्ट सुटे करून, टेम्पोत घालून. बरोबर हत्यारांची पिशवी. सगळं गंजून लाल. त्यातला चाकाचा पाना मी मळीतून काढला, घासला, तेल लावून मांडणीवर ठेवला. सकाळी बघते तर त्यावर गंजाचे डाग. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. कुणीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखे.

भूतबित काही मनात आलं नाही. एवढंच आलं, की आपला हात खारा झाला.

आबा यायच्या आत मी डाग काढले. दुसऱ्या दिवशी परत तसेच, त्याच जागी. मग मी रबराचे हातमोजे घालून काम करायला लागले. तरी डाग. शेवटी पाना तेलाच्या फडक्यात गुंडाळून वरून सुतळी बांधली. सकाळी सुतळीची गाठ जशीच्या तशी होती, आणि आत डाग. बाकीच्या एकाही पार्टाला काही नाही. थंडीचे कोरडे दिवस, सर्दाळा म्हणावा तर तोही नाही. मला जेवण जाईना. साक्षी सारखी विचारायची, आई तुला बरं नाही का.

एक दिवस आबा माझ्या आधी शेडमध्ये आले. पाना त्यांच्या हातात होता.

“कवापास्नं चाललंय ह्ये?”

मी सगळं सांगून टाकलं. रडूच आलं. म्हटलं, “आबा, दुसरं कुठलंबी काम द्या, झाडलोट करते, पण काढू नका.”

“रडती कशाला? हात ठेव हितं.”

मी डागांवर हात ठेवला. माझी बोटं त्या डागांच्या अर्ध्यातच संपली. आणि अंगठा काही केल्या जुळेना. आबांनी माझा उजवा हात बाजूला केला, डावा ठेवला. मग बरोबर जुळलं, फक्त डाग मोठ्या, बाप्या माणसाच्या हाताचे. आबा तिथंच टायरवर बसले.

काकी चहा घेऊन आल्या, त्यांनी वाकून पाना बघितला. “बापूचा हात हाय ह्यो,” म्हणाल्या.

“गप बस.”

“गपच बसलीया की इतकी वर्सं.”

बापू म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. काकी लग्न होऊन आल्या तेव्हा तो लहान होता, त्यांच्याच हाताखाली वाढला. डावखुरा. आबांबरोबर याच शेडमध्ये कामाला लागला, पण हात खारा. ज्याला हात लावील ते दुसऱ्या दिवशी लाल. एकदा चार गिऱ्हाइकांसमोर आबा त्याला म्हणाले होते, “तू लोखंडाला शिवायचं न्हाई. च्या आन जा.” तो चहा आणायला गेला तो परत आलाच नाही. पुढे कधीतरी कळलं, सांगलीकडं आहे. मग काहीच नाही. हे मला काकींनी त्या दिवशी सांगितलं, आबांच्या समोर.

मग आबांनी सांगलीला फोन लावला. स्पीकर चालू होता.

“आवं, आमच्या वडलांची, अण्णांची गाडी ती. लय वर्सं गोदामात पडून हुती,” व्यापारी म्हणाला. “मेकॅनिक व्हय... किती आले न् किती गेले. एक डावखुरा हुता म्हणं. काम चांगलं, पर अण्णा त्येला पान्याला फडकं गुंडाळल्याबिगार हात लावू द्यायचे न्हाईत.”

“नाव काय त्येचं?”

“काय म्हाईत. अण्णाबी गेले, आता कुणाला इचारायचं? का हो, काय पार्ट कमी भरला का?”

“न्हाई,” आबा म्हणाले आणि फोन ठेवला.

काकी एवढंच म्हणाल्या, “आतातरी धरू द्या की त्येला.”

आबांनी पान्यावरचं तेल पुसून काढलं. फडकं नाही, काही नाही, उघडाच स्वतःच्या कामाच्या टेबलावर ठेवला. कुणाकडे न बघता म्हणाले, “धर बाबा. हितंच हाय.” सकाळी मी बघितलं, पाना साफ होता. त्यानंतर त्याच्यावर कधी डाग आला नाही. सांगलीला आबांनी दुसरा पाना पाठवला.

गोष्ट इथं संपली असती तर मी लिहिलीच नसती.

उन्हाळा लागला तेव्हा ब्रेकचे पार्ट घासून ठेवले. सकाळी त्यांच्यावर डाग. या वेळी बारीक बोटं, उजवा हात. मी बोटं ठेवून बघितली, तंतोतंत माझीच. दुसरे पार्ट घेतले, त्यांच्यावरही. डॉक्टरांना जाऊन विचारलं, ते म्हणाले, काळजीनं, औषधानं घामात फरक पडू शकतो. औषध तर मी कुठलंच घेत नव्हते. काळजी होती, पण ती काय आजची आहे का?

या वेळी लपवायची ताकदच नव्हती. पार्ट घेऊन सरळ आबांपुढे उभी राहिले. मनात खोली आवरूनही झाली होती... साक्षीचा दाखला, भांडी, गाठोडं.

आबांनी डाग बघितले, माझ्याकडे बघितलं. मग खिशातून रुमाल काढून बराच वेळ चष्मा पुसला.

“गंज आला तर काढायचा,” म्हणाले. “त्योच तर धंदा हाय आपला. जा, मळी ढवळायची राहिलीया.”

मी तिथंच कामाला आहे. साक्षी शाळेत जाते. हात अजून खाराच आहे. मी घासलेलं आबा दुपारी परत एकदा पुसतात, एका शब्दानं बोलत नाहीत. असं का झालं, गोड हात खारा कसा झाला, आणि त्याचा बापूशी काही संबंध आहे की नाही, मला आजही कळलेलं नाही. बापू आहे की नाही हेही कुणाला माहीत नाही.

काकी मात्र आताशा चहाचा कप देताना माझा हात थोडा वेळ धरून ठेवतात. काम पडलेलं असतं, चहा गार होतो. मी हात सोडवून घेत नाही.