बिनबैलाचा गाडामालक

चालणारी कुठलीही वस्तू दिसली की हा माणूस उजवा हात वर करायचा, खाडकन खाली आणायचा आणि मनगटावरच्या घड्याळात डोळे घालायचा. एसटी फाट्यावरून सुटली, हात खाली. शेजारची म्हैस हौदाकडे निघाली, हात खाली. ती वस्तू थांबली की आजूबाजूला कोणी असो वा नसो, हा मोठ्याने निकाल द्यायचा. वर त्याचं ठरलेलं वाक्य असायचंच. “सेकंदात बोला, राव! बाकी सगळ्या गप्पा.”

माझे चुलत सासरे गेले तेव्हा त्यांची तिरडी घरापासून नदीपर्यंत किती वेळात पोचली, तेही याने मोजलं होतं. नदीवर हातपाय धुताना माझ्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “म्हाताऱ्याला लई झपाट्यानं आणला बरं का.” नवऱ्याने घरी येऊन हे सांगितलं. मी तिथे असते तर त्याच नदीत ढकलला असता.

तुमच्याही गावात असा एखादा नमुना असेल. नसला तर तुमचं नशीब थोर आहे.

आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलगाड्याच्या शर्यतीचं वेड किती आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीला आमच्याकडे घाट म्हणतात, आणि ज्याचे बैल घाटात पळतात तो गाडामालक. याचे वडील खरे गाडामालक होते. त्यांच्या बैलांचं नाव खोडदपासून कळंबपर्यंत होतं. ते गेले, बैलही गेले, आणि मुलाकडे फक्त ती पदवी राहिली. बैल पाळायचे म्हणजे पहाटे उठून वैरण टाका, शेण काढा, अंग चोळा. हे याला कुठून जमणार? पण यात्रांच्या दिवसांत हा रोज कुठल्या ना कुठल्या घाटात, आणि तिथे दुसऱ्यांच्या बैलांना नावं ठेवायला पहिला. “पाय टाकतो का बघा त्यो! आमच्या म्हाताऱ्यानं असला बैल दारात उभा केला नसता.” लोक हसून “काय गाडामालक!” म्हणायचे. त्याला तो मान वाटायचा.

घरचं सगळं त्याची बायको बघायची. आम्ही तिला अक्का म्हणतो. टोमॅटोची लागवड, बांधणी, तोडणी, सगळं तिच्या अंगावर. त्यांचं रान खाली कालव्याच्या कडेला आहे आणि नारायणगावला माल नेणारी पिकअप वर रस्त्यावर थांबते. मधली वाट चढाची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर टोमॅटोचं क्रेट, असं तिने कित्येक हंगाम काढले. शेवटी मानेने जवाब दिला. हातांना मुंग्या येऊ लागल्या, रात्री कूस बदलता येईना. डॉक्टरांनी गळ्याला पट्टा घातला आणि बजावलं, यापुढे डोक्यावर ओझं घेतलंत तर हात कायमचे जातील.

तेव्हा आमच्या बचत गटातल्या बायांनी मिळून बॅटरीवरचा छोटा ट्रॅक्टर घेतला. बागेच्या दोन ओळींमधून जाईल एवढाच. ना धूर, ना गिअरची खटपट. मागे माल ठेवायला छोटी हौदी. ज्यांनी कधी सायकल चालवली नव्हती त्याही आठवड्याभरात शिकल्या. सगळ्यांत आधी अक्का शिकली. पट्टा घातलेली मान वळत नव्हती, म्हणून ती मागे बघायची तेव्हा कमरेपासून सगळीच्या सगळी वळायची. आम्ही तिला हसायचो, आणि तीही हसायची. तिला मोकळं हसताना मी बऱ्याच दिवसांनी बघितलं होतं.

या सुखाला दृष्ट लागली ती आमच्या गाडामालकाची.

त्या वर्षी यात्रा कमिटीने नवीन टूम काढली. बैलगाड्यांच्या शर्यती संपल्या की त्याच घाटात छोट्या ट्रॅक्टरांची ओढ. एका लोखंडी फळीवर वाळूची पोती रचायची, ती फळी ट्रॅक्टरला जोडायची, आणि जो ती सगळ्यांत लांब ओढत नेईल तो पहिला. बॅटरीवाल्यांचा गट वेगळा. हे जाहीर झालं त्याच संध्याकाळी याने पारावर बसून त्या ओढीत आपला ट्रॅक्टर उतरवला. “आपला” म्हणजे आमचा.

मग गटाच्या बैठकीत आला. आमच्यात पुरुष येत नाहीत, पण हा आला आणि सतरंजीवर मधोमध बसला.

“आठ दिवस द्या फक्त,” तो म्हणाला. “गावाच्या इज्जतीचा सवाल हाय.”

“भावजी, तोडणी तोंडावर आली,” मी म्हणाले. “अक्काने माल काय डोक्यावर वाहायचा?”

“वैनी, तुमाला घाटातलं काय कळायचं न्हाई. सेकंदात बोला!”

अक्काने खाली बघितलं. पट्ट्यामुळे मान खाली जात नव्हती, नुसती नजर गेली. नवऱ्याने चारचौघांत शब्द देऊन ठेवलेला, आता तो तोंडघशी पडला तर घरी काय होईल ते तिलाच माहीत. तिच्याकडे बघून बाकीच्या गप्प बसल्या, आणि हा चावी घेऊन उठला.

पुढचं कौतुक आम्ही लांबूनच बघितलं, कारण “आता बायांचा हात नको” असा हुकूम निघाला होता. आमच्या ट्रॅक्टरला आमचाच हात चालेना! त्याने तो घरामागच्या गोठ्यात नेला, वडिलांच्या बैलांची झूल धुऊन त्याच्यावर घातली आणि लिंबू-मिरची बांधली. काम पूर्ण बंद. बैलाला शर्यतीआधी विश्रांती देतात, म्हणून ट्रॅक्टरला विश्रांती. चार्जर दिवसरात्र लावलेला. कोणी विचारलं तर म्हणायचा, “खुराकावर हाय.”

मग कळंबच्या एका वर्कशॉपमध्ये नेऊन त्याने त्याची तयारी करून आणली. ही तयारी नीट ऐका. हौदी काढली. जाड सीट काढून पत्र्याची फळी बसवली. चाकांवरची पाखरं, म्हणजे मडगार्ड, काढली, मागच्या चाकांना लावलेली लोखंडी वजनं काढली, आणि टायरमध्ये वजनासाठी भरलेलं पाणीसुद्धा सोडून दिलं. वर पळ वाढावा म्हणून आतलं दातेरी चाक बदलून घेतलं. पूर्वी माणसाच्या चालीने जाणारा आमचा ट्रॅक्टर आता गावातून कुत्र्यासारखा सुटायचा. हा हात खाली करून वेळ मोजायचा आणि भोवतीचे बाप्ये माना डोलवायचे.

आणि त्या बाप्यांतला एकजण तरी विचारील की नाही, बाबा, तुला पळायचंय की ओढायचंय? पण कोण विचारणार! आमच्याकडचा माणूस घाटाच्या कडेला लहानाचा मोठा होतो. जिंकणं म्हणजे पळणं, हे त्याच्या रक्तात आहे. लांबी मोजून नंबर देतात हे सगळ्यांनी भोंग्यावर ऐकलं होतं, पण डोक्यात कोणाच्याच शिरलं नव्हतं. निदान बाकीचे नुसते बघे होते. हा शहाणा आमच्या जिवावर उड्या मारत होता.

इकडे टोमॅटोला लाली आली. लाल झालेला माल यात्रेसाठी थांबत नाही. अक्काने चुंबळ काढली, पट्ट्यावरून पदर घेतला आणि क्रेट डोक्यावर चढवलं. आम्ही तिच्या हातातून ओढून घ्यायचो, आपली खेप टाकून तिची करायचो, तरी आमची नजर चुकवून ती चार खेपा करायचीच. मधेच थांबून हात झटकायची. बोटं हलतात ना, ते बघायची.

यात्रेच्या दिवशी घाट माणसांनी फुलला होता. आम्ही बाया वरच्या उतारावर बसलो होतो. याचा थाट काय वर्णावा! गुलाबी फेटा, कपाळभर गुलाल, पायात करकरीत जोडे. ट्रॅक्टरलाही गुलाल. आधी नारायणगावकडचा कोणी द्राक्षवाला आला. त्याने हौदीत दगड भरलेले, चिखलाने माखलेला ट्रॅक्टर, माणूसही तसाच मळका. हा त्याच्याकडे बघून हसला आणि वर आम्हालाही ऐकू जाईल असा त्याला ओरडला, “लग्नाचं वऱ्हाड चाललंय का वो पावणं!” पावण्याचा ट्रॅक्टर कुं कुं करत हळूहळू निघाला आणि वाळूची पोती निम्म्या घाटापर्यंत घेऊन गेला.

मग आमचा नंबर. साखळी जोडली, निशाण पडलं, आणि गाडामालकाने सगळा जोर एकदम दिला. हलकी झालेली मागची चाकं जागच्या जागी गरगरा फिरली. धुरळा उठला. पोती तिथेच, ट्रॅक्टर तिथेच, फक्त चाकं मातीत खाली खाली जायला लागली. कोणीही शहाणा थांबला असता. हा उभा राहिला, पुढच्या पत्र्यावर थापा मारू लागला आणि बैलाला हाकतात तसा “हुर्रर्र” करून ओरडू लागला. तेवढ्यात भोंग्यावरून आवाज आला, “गाडामालक, उतरा आता. तुमचा बैल बसला!”

अख्खा घाट हसला. मीही हसले, खोटं कशाला सांगू? मग जळका वास वर आमच्यापर्यंत आला आणि माझं हसू विरलं. शेजारी अक्का बसली होती. ती ट्रॅक्टरकडे बघत नव्हती. आपल्या दोन्ही हातांच्या बोटांकडे बघत होती.

मोटर जळून गेली होती. ट्रॅक्टर गावात ओढून आणला तो एका बैलजोडीने, आणि तीही अशा माणसाची, ज्याच्या बैलांना याने दरवर्षी नावं ठेवली होती. आणि हा वर बसून होता, फेटा न उतरवता. पाराजवळ आल्यावर त्याने लोकांकडे बघून हात हलवला! निर्लज्जपणालाही काही हद्द असते असं मला त्या दिवसापर्यंत वाटत होतं.

ट्रॅक्टर पुढे नीट झाला, आणि त्याची चावी आता अक्काच्या कमरेला असते. ते राहू द्या. मला सांगायची आहे ती यात्रेच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

पिकअप वर येऊन हॉर्न देत होती. रानात क्रेट भरून तयार होते, आणि हा बांधावर उभा राहून आम्हाला कारणं ऐकवत होता. नाचता येईना, अंगण वाकडं. “माती भुसभुशीत व्हती. न्हाईतर काय व्हतं त्या द्राक्षवाल्याचं! आणि साखळी लांब दिली मुद्दाम. कमिटीतच राजकारण हाय, लई राजकारण.”

अक्का चुंबळ डोक्यावर ठेवून क्रेटापाशी वाकली होती. वाकली ती तशीच थांबली. उजवा हात क्रेटाच्या कडेवर होता आणि त्याची मूठ वळत नव्हती. तिने दोनदा वळवून बघितली. मग ती सरळ उभी राहिली, बांधावर गेली, डोक्यावरची चुंबळ काढली आणि बोलणाऱ्या नवऱ्याच्या डोक्यावर ठेवली. मी आणि गटातल्या आणखी एकीने क्रेट उचललं आणि त्या चुंबळीवर चढवलं.

त्याचं तोंड उघडंच राहिलं.

“थांबला का?” अक्का म्हणाली. आवाज चढला नव्हता. “बोला की. चालता चालता बोला.”

त्याने एकदा तिच्या हाताकडे बघितलं, नवऱ्याने बायकोच्या हाताकडे आधीच बघायला हवं होतं तसं, आणि वळून चढाला लागला. सवय नव्हती. दोन्ही हातांनी क्रेट घट्ट धरून, एकेक पाऊल चाचपत तो चालला होता. मला त्याची कीव आली असं मी म्हणणार नाही. पण हसूही आलं नाही.

त्याच्या मागून अक्का निघाली. इतक्या वर्षांत त्या वाटेने ती मोकळी कधीच चढली नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं तिला सुचेना. पदराला पुसले, मग मागे धरले. शेवटी तिने ते कमरेवर ठेवले, आणि तशीच पिकअपपर्यंत गेली.